भट्टीची चिमणी टाकीमागे दडते तिथे

१२ जानेवारी

बुडबुडे,

तू विसरली असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. बंदराच्या मागच्या गल्लीत राहते, चार दात शिल्लक आहेत, आणि तुला पोहायला मी शिकवलं, जरी तू मुलाखतीत कुठल्याशा क्लबाचं नाव सांगितलंस. बादलीत तोंड घालून बुडबुडे काढणारी पोर मीच बादलीतून उचलून समुद्रात टाकली होती. क्लब तेव्हा कुठे होता ते विचारून ठेव.

सात आठवडे पत्र नव्हतं. मला वाटलं, चार हजार मीटर खाली कॅमेरा सोडायचा म्हणजे वरची माणसं दिसेनाशी होत असतील. परवा पत्र आलं. तीनदा वाचून घेतलं. जहाजावर आता तूच मुख्य, सोळा माणसं तुझं ऐकतात, हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर खरं वाटलं. घरात तुझं मांजरसुद्धा ऐकत नव्हतं. तुझी पहिली सफर मला आठवते. बाईमाणसासाठी खोली नाही म्हणून चाळीस दिवस तुला दोरखंडांच्या कोठीत झोपवलं होतं, आणि परत आलीस तेव्हा अंगाला डांबराचा वास, आणि तू सांगत होतीस की आजी, कोठी फार उबदार होती. तेव्हाच मी ओळखलं की ही आता किनाऱ्यावर टिकायची नाही.

आता हे कोण लिहितंय ते. तुझी काकू नाही. का नाही ते विचारू नकोस, तिचे हात दुखतात असं समज. समोरच्या घरात टायपिस्टबाई राहायला आल्या आहेत. कोर्टात तीस वर्षं लोकांच्या जबान्या टाइप केल्या, आता निवृत्त झाल्या, पण यंत्र सोबत घेऊन आल्या. मी बोलते, त्या खडखड करतात, आणि शेवटी सगळं मोठ्यानं वाचून दाखवतात. सांगणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय कागद पुरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू लिहायची तेव्हा हे झंझट नव्हतं. मी अर्धं बोलायची, उरलेलं ती मनानं घालायची. तुला माझी जी पत्रं आवडली असतील ती बहुतेक तिची आहेत.

फोन कर म्हणू नकोस. फोनवर मी फार गोड बोलते.

धाकटा बरा आहे. तू त्याच्याशी बोलत नाहीस, तरी काका आहे म्हणून सांगितलं. बोटीला नवा रंग दिला.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. तू लिहिलंस की इथल्या संस्थेच्या बोटीवर चालक हवा आहे, आणि त्या माणसानं पुन्हा अर्ज केला आहे, आणि तुझ्या तक्रारीवरून त्याला काढलं होतं म्हणून संस्थेनं तुलाच विचारलंय, घ्यायचा का. फेब्रुवारी संपायच्या आत उत्तर द्यायचंय आणि तू 'नाही' कळवणार आहेस.

त्या माणसानं, असं लिहिलंस. आठ वर्षं तू त्याला कासवकाका म्हणत होतीस. कुणी काही विचारलं की मान आत ओढून घेतो म्हणून तूच नाव ठेवलंस. पाण्यात तू खाली असताना तास तास तुझ्या बुडबुड्यांकडे बघत बसणारा तोच. सध्या तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडतो. मी रोज सकाळी तिथून जाते. तो हातातली पहार बाजूला ठेवून विचारतो, "आजी, बरं आहे ना?" रोज.

घाई करू नकोस एवढंच म्हणते. माणूस वाईट नाही. माझ्या म्हणण्याला काय आधार ते विचारू नकोस.

बाई म्हणतात, एका पत्रात 'विचारू नकोस' दोनदा आलं. कोर्टात असं आलं की वकील उठून उभे राहायचे. राहू देत.

आजी


३ फेब्रुवारी

बुडबुडे,

तीन आठवड्यांच्या आत उत्तर. म्हणजे राग आला की तुला टपाल सापडतं.

तू विचारतेस, त्याची वकिली करायला मला कुणी सांगितलं. कुणी नाही. तू लिहितेस, त्या माशांच्या जागेचे आकडे यंत्रात होते, यंत्राचं कुलूप दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि त्याला. तू नाही सांगितलंस. मग उरलं कोण. चौकशीत साहेबांनी त्याला तीनदा विचारलं, जागा तू फोडलीस का, आणि तो तीनदा गप्प बसला. निर्दोष माणूस गप्प बसतो का, आजी, असं तू विचारतेस. आणि त्याखाली लिहितेस की या सगळ्यात एका तुझ्यावरच माझा विश्वास उरलाय, तू तरी त्याची बाजू घेऊ नकोस.

बाईंनी हे वाचलं तेव्हा मी म्हटलं, चहा ठेवते. दूध नासलं होतं. तरी ठेवला.

तर तुला सांगते. मला एक गोष्ट आता आता कळली आहे. त्या साली एक परका पाणबुड्या इथे येऊन राहिला होता. लाल टोपी घालायचा. बंदराबाहेर एकटाच बुड्या मारायचा. त्यानंच ती जागा बघितली आणि लिलावात कुणाला तरी सांगितलं. तिथून ते सात बोटींपर्यंत गेलं. तुझा काका तुला तेव्हा म्हणालाच होता, लिलावात कानावर आलं म्हणून. तेव्हा हा बिचारा बोटवाला मधल्यामध्ये अडकला. पाणबुड्या कधीच निघून गेला, त्याला शोधत बसू नकोस. संस्थेला कळव की घ्या.

बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "टोपी मघाशी काळी सांगितलीत."

मी म्हटलं, लाल घाला.

इकडे सगळे ठीक. जहाजावर पायांत मोजे घालत जा.

आजी


१४ फेब्रुवारी

बुडबुडे,

लाल टोपीचा पाणबुड्या नव्हता. काळ्या टोपीचाही नव्हता.

त्या दिवशी बाईंनी पत्र वाचून दाखवलं. माझंच खोटं, दुसऱ्याच्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा. मी मान हलवली आणि ते टपालात गेलं. नंतर बाई यंत्रावर फडकं टाकताना म्हणाल्या, कोर्टात खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले, पण ते स्वतःसाठी बोलायचे, दुसऱ्याची नोकरी वाचवायला बोलणारी तुम्ही पहिली, म्हणजे तुम्हाला खरं ठाऊक आहे. मी म्हटलं, तुम्ही टाइप करा, निकाल देऊ नका. पण अकरा दिवस मी समोरच्या घराकडे फिरकले नाही. आज त्यांना बोलावून आणलं.

जागा मी सांगितली.

हे वाचून तू म्हणशील, म्हातारीला भ्रम झाला. आकडे तिला वाचता येत नाहीत, यंत्र तिनं पाहिलं नाही. बरोबर. आकडे तुम्ही कुलपात ठेवलेत. चित्र तू मला दाखवलंस.

आठव. तीन वर्षांपूर्वीचा मार्च. सहा वर्षं तू त्या खडकमाशांच्या मागे होतीस. जाड ओठांचे, फणकाऱ्यानं तोंड फिरवणारे ते मोठे मासे, वर्षभर आपापल्या कपारीत एकेकटे राहतात आणि अंडी घालायला वर्षातून फक्त मार्च आणि एप्रिलच्या अमावास्येला, चार चार दिवस, सगळे एका जागी जमतात. ती जागा तुला सापडली होती. तू संध्याकाळी घरी आलीस, केस ओले, आणि तुला कुणाला तरी सांगायचंच होतं. मी लसूण सोलत होते. तू वही काढलीस आणि शिसपेन्सिलीनं काढलेलं दाखवलंस. यंत्र बिघडलं तर हाताशी असावं म्हणून आजोबांच्या पद्धतीनं काढून ठेवलंय म्हणालीस. बोटीतून किनारा कसा दिसतो ते. एका बाजूला भट्टीची चिमणी पाण्याच्या टाकीमागे अर्धी दडलेली. दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ कड्याच्या नाकाला टेकलेला. या दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोट उभी करायची.

तुझ्या संस्थेत कुणी ती वही पाहिली असती तर म्हणाला असता, बाईंना चित्रकलेची आवड आहे. मला अक्षर येत नाही, पण हे येतं. पन्नास वर्षं तुझ्या आजोबांच्या तोंडून हेच ऐकलं. मी एकदा बघितलं आणि मला खालचं पाणीसुद्धा दिसलं.

तू म्हणालीस, "आजी, कुणाला बोलायचं नाही. मेमध्ये समितीपुढे जायचंय. त्यांनी मान्य केलं की तेवढी जागा दर वर्षी महिनाभर बंद. तोवर तोंडातून ब्र नाही."

मी म्हटलं, "मला ना लिहिता येत ना वाचता. मी कुणाला चिठ्ठी देणार?"

आपण दोघी हसलो. तू त्यातल्या एका म्हाताऱ्या माशाबद्दल सांगितलंस, पाठीचा पर फाटलेला, तू जवळ गेलीस तरी जागचा न हलणारा. मादी आहे म्हणालीस. तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतंस. तिला तुम्ही पिवळा बिल्ला टोचला होता, तशा आणखी कितीतरी जणांना.

आता पुढचं. पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तुझा काका ओट्यावर जाळं सांधत बसला होता. सोबत त्याचे चौघे. तुझी टवाळी चालली होती. वीस वर्षं शिकली, म्हणे, बोट सरकारची, डिझेल सरकारचं, आणि आणते काय, तर फोटो. त्या मोसमात धाकटा रोज रिकामा परत येत होता हेही तुला सांगायला हवं. रिकामा माणूस दुसऱ्याला जास्त हसतो. तो म्हणाला, "मासा कुठे असतो ते तिला विचारलं तर पुस्तक उघडून बघेल."

मला लागलं. तुला कुणी बोललं की मला लागतं, आणि मग मी गप्प बसत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी म्हटलं, "तुझ्या बापाला जन्मभर सापडलं नाही ते तिला सापडलंय. चिमणी टाकीमागे दडते तिथे जाऊन बघ, म्हणजे कळेल पुस्तकात काय असतं."

दीपस्तंभाचं मी बोलले नाही. अर्धंच बोलले. पण त्याच बापाचा मुलगा आहे तो. त्याला एक ओळ पुरे. तिच्यावरून सरकत जायचं आणि खाली दोर सोडून बघायचं.

जाळ्यातली सुई थांबली. मी ती थांबलेली पाहिली. चौघांतला एक खोकला आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागला.

आधी मी लिहायला सांगितलं होतं की माझी जीभ घसरली. बाईंनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, खोडा ते. घसरली नाही. चालत गेली, चपला घालून. कारण सुई थांबली तेव्हा मी धाकट्याला म्हणू शकले असते, तुला माझी शपथ आहे, तिकडे जायचं नाही. तो ऐकत नाही असं नाही. मी म्हटलं नाही. त्याच्या तोंडावर तुझ्याबद्दल पहिल्यांदा हसू नव्हतं, आणि मला ते बघून बरं वाटत होतं. आणि त्याच्या बोटीत मासा यावा असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं. आई झालीस की कळेल असं म्हणणार होते, पण ते तुझ्यावर ढकलल्यासारखं होईल.

एप्रिलच्या अमावास्येला सात बोटी गेल्या. चार दिवस. धक्क्यावर इतके खडकमासे मी आयुष्यात पाहिले नव्हते. लोक नाचायचे बाकी होते. साफ करायला बायका कमी पडल्या म्हणून मलाही पाट आणि सुरी दिली, आणि मी बसले. नाही कसं म्हणणार होते. पहिल्याचं पोट फाडलं, अंडी. दुसऱ्याचं, अंडी. हात कोपरापर्यंत भरले. मग एकीच्या पाठीवर पिवळा बिल्ला दिसला. कुणी बघायच्या आत मी तो कापून कनवटीला लावला. असे अकरा कापले. नववी जी होती तिचा पर फाटलेला होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू धावत आलीस. ओट्यावर काकाला विचारलंस, जागा कुणी सांगितली. तो म्हणाला, लिलावात कानावर आलं. मी तिथेच होते. मी लसूण सोलत होते असं म्हणून माझी सुटका होणार नाही, पण सोलत होते. लिलावात कासवकाकाचा मेहुणा बोली पुकारतो, हे तुझ्या डोक्यात आलं ते मी तुझ्या चेहऱ्यावर येताना पाहिलं. तेव्हाही एका वाक्याचं काम होतं.

मग समिती म्हणाली की तिथे आता राखण्यासारखं काही दिसत नाही. तू पुढच्या साली बुडी मारून आलीस, मी विचारलं किती, तू म्हणालीस तीन. त्यानंतर तू आता आहेस त्या थंड समुद्राकडे निघून गेलीस. लोक म्हणतात बढती मिळाली. मी पण म्हणते.

बिल्ले सोबत पाठवते. बाईंनी त्यांवरचे आकडे वाचून खाली टाइप केले आहेत. तीन वर्षं तू घोषणा लावून ठेवली होतीस की कुणाला बिल्ला सापडला तर कळवा. एकही आला नाही म्हणून तुला नवल वाटत होतं.

काल धाकट्याला सांगितलं की मी आता कळवणार. तो म्हणाला, "आई, तीन वर्षं झाली. काटेसुद्धा उरले नाहीत त्याचे." मी म्हटलं, माणूस उरलाय, बर्फ फोडतोय. तो उठून गेला. तासाभरानं परत आला आणि दारातूनच म्हणाला, "माझं नाव घाल. लिलावाचं मी बोललो होतो, तू नाही." काकूला अजून काही ठाऊक नाही. म्हणूनच तिच्या हातून लिहून घेतलं नाही. ते त्याचं त्यानं सांगायचं.

तुझ्यावरही मी ओझं टाकते आहे हे मला कळतं. तक्रार तू लिहिलीस, सही तुझी आहे. हे कळलं नसतं तर तू सुखानं 'नाही' लिहून मोकळी झाली असतीस. पण तुझं 'नाही' माझ्या तोंडचं खोटं आहे, ते मी तुझ्या हातून दुसऱ्यांदा लिहवून घेणार नाही.

बाईंनी वाचून दाखवलं. मान हलवली.

आजी


२१ फेब्रुवारी

बुडबुडे,

मागचं पत्र तुझं जहाज बंदराला लागेपर्यंत मिळणार नाही असं टपालातला कारकून म्हणाला. तुमची मुदत त्याआधी संपते. मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, यात काय अवघड आहे, जबानी करू आणि थेट संस्थेला देऊ. लगेच कागद चढवला. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू, निवृत्तीनंतर पहिलीच.

पण त्याआधी मी म्हटलं, ज्याची नोकरी गेली त्यानं हे संस्थेकडून ऐकायचं नाही.

बर्फाच्या कारखान्यात गेले. तो पहार ठेवून म्हणाला, "आजी, बरं आहे ना?" मी म्हटलं, नाही. आत बोलावून एका खोक्यावर बसवलं त्यानं. मी सगळं सांगितलं. ओटा, चिमणी, टाकी, लिलाव. भुसा घातलेल्या लाद्यांमधून पाणी ठिबकत होतं, ते माझ्या पावलांपाशी येत होतं, तर त्यानं गोणपाट आणून मध्ये टाकलं. माझे पाय भिजू नयेत म्हणून. मी सांगत होते तेव्हाच.

मान आत गेली. मग म्हणाला, "मला वाटायचं माझ्याकडूनच गेलं."

मला समजलं नाही. मग त्यानं सांगितलं. त्या आठवड्यात मेहुण्याच्या घरी जेवायला गेला होता. बोलता बोलता म्हणाला होता की ताई फार खुश आहे, मोठं काहीतरी सापडलंय. बस, एवढंच. पण बोटी गेल्या, आणि लिलावात कानावर आलं असं उठलं, तेव्हा तो आठवायला लागला की आपण आणखी काही बोललो का. आठवून आठवून त्याला वाटायला लागलं की बोललोच असू. म्हणून साहेबांनी विचारलं तेव्हा हो म्हणता येईना आणि नाही म्हणायची हिंमत होईना. निर्दोष माणूस गप्प कसा बसेल असं तू विचारलं होतंस. असा.

तीन वर्षं तो मेहुण्याशी बोललेला नाही. त्यानंच बोटवाल्यांना पोचवलं असं त्याच्या मनानं घेतलं. बायको भावाकडे जायची तर हा पाठ फिरवून बसायचा. मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं, हा गेला नाही. बायको एकटी गेली आणि एकटी आली. बुडबुडे, हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, माझ्यामुळे एक नोकरी गेली आणि तू गेलीस. आता कळलं की गल्ली सोडून पलीकडच्या एका घरातही मी तीन वर्षं बसलेली होते.

मी म्हटलं, "मला काहीतरी बोल. शिवी दे."

तो म्हणाला, "तुम्हाला कशी देऊ?" आणि मग, पहार उचलून, "पण उद्यापासून इथून जाऊ नका. वरच्या रस्त्यानं जात जा."

मी वरच्या रस्त्यानं जाते. चढ आहे. गुडघे बोलतात.

जबानी झाली. बाईंनी 'मी निरक्षर असून' असं घातलं, मी म्हटलं ते काढा, चित्र वाचता येत होतं म्हणून तर हे झालं. त्यांनी काढलं नाही, पुढे जोडलं, 'तथापि समुद्रावरून दिसणाऱ्या किनाऱ्याच्या खुणा मला वाचता येतात.' माझ्याबद्दल एवढं चांगलं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं, आणि ते लिहिलं गेलं ते कशावर. अंगठा दिला. शाई जास्त झाली, अंगठ्याच्या रेषा दिसेनात, तर दुसऱ्या कागदावर पुन्हा द्यायला लावला. खाली धाकट्यानं सही केली. तोच घेऊन गेला संस्थेत. साहेबांनी त्याला उभंच ठेवलं म्हणे. ठेवू देत.

एक प्रत तुला.

आजी


९ मे

बुडबुडे,

अडीच महिने झाले.

तुला पत्रं मिळाली हे मला ठाऊक आहे. मार्चमध्ये तुझं उत्तर संस्थेत आलं, मला नाही. एका ओळीचं होतं असं म्हणतात. त्याला घ्या, आणि माझी तक्रार मी मागे घेते, माझी चूक झाली. त्याला तू वेगळं पत्र लिहिलंस असंही कळलं. त्यात काय लिहिलंस ते त्यानं कुणाला दाखवलं नाही. तो आता पुन्हा बोटीवर आहे. तुझ्या जागी एक नवी मुलगी आलीय, तुझ्याहून बुटकी, ती पाण्यात जाते आणि हा वर बसून बुडबुड्यांकडे बघतो. तू संस्थेला पाठवलेले बिल्ले समितीपुढे ठेवणार आहेत म्हणे, तिथे कधीकाळी मासा होता याचा पुरावा म्हणून. धाकट्याला समितीनं बोलावलंय. तो जायचं म्हणतो. काकू त्याच्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात बोलायला मी, तो आणि मांजर.

परवा धक्क्यावर कासवकाका समोर आला. वरच्या रस्त्यानं गेलं तरी धक्का एकच आहे. मला पाहून थांबला. एप्रिलच्या अमावास्येला तो आणि ती मुलगी जागेवर जाऊन आले हे सगळ्यांना माहीत होतं. मी पोटातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आलंच. विचारलं, "आले का रे? किती?"

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "आजी, ते तुम्हाला नाही सांगणार."

रागानं नाही म्हणाला. यंत्राला कुलूप लावतात तसं म्हणाला.

मला हसू आलं. घरी येईपर्यंत टिकलं नाही. बरोबर केलं त्यानं. तूसुद्धा सांगू नकोस. तीन असोत, तीनशे असोत, माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस. मी कुणाला सांगणार नाही म्हणाले होते, आता मला सांगायला काही नसेल तरच ते खरं होईल. आत्याबाईच्या जागी कोण आलं असेल हे मी मनातल्या मनात ठरवते, तेवढं राहू दे.

माफ कर असं मी कुठल्याच पत्रात म्हटलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. बाईंनी विचारलं, घालू का शेवटी, सगळे घालतात. मी म्हटलं, नको. ती देणार नाही असं नाही, पण मागितली की तिला उत्तर द्यावं लागेल, आणि ती अजून उत्तर शोधते आहे.

मात्र एक आहे. तू तिकडे गेल्यापासून दर दोन महिन्यांनी खोकं यायचं. चार दातांची आठवण ठेवून पाठवायचीस, ती चहात विरघळणारी बिस्किटं, वाफवलेलं सुकं फळ. मार्चचं खोकं आलं नाही. मी टपालवाल्याला काही विचारलं नाही, त्यानंच मान हलवली.

पत्र नको पाठवूस. लिहिण्यासारखं नसेल तर नको. पण खोकं पाठव. बिस्किटं नकोत, ती पाठवताना तुला माझ्यावर माया आणावी लागेल. अक्रोड पाठव, टरफलासकट, तिकडे मिळतील तितके कडक. राग कमी झाला की बदाम कर, मग मनुका, तुझ्या सवडीनं. मी फोडून, कुटून, भिजवून खाईन, एकही टाकणार नाही. आणि बांधताना तळाला कागद जरा जास्त घाल, मागच्या वेळी सगळे कोपरे फुटून आले होते.

आजी